आपुलकीची ओळ

दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि खाली गोदामात माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. मग मधल्या वाटा भरल्या, आणि आता मागचे लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढत होते. दारात पांढऱ्या शर्टातले दोन हसतमुख तरुण उभे होते. "मोबाइल नंबर सांगा, पास घ्या. नंबर सांगा, पास घ्या." पासावर खुर्चीचा क्रमांक होता. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. हल्ली चपला घ्यायला गेलं तरी नंबर विचारतात.

व्यासपीठावर जाणतेबाबा गात होते. खरं ते खरंच म्हणावं, गळा गोड होता. गात गात सांगितलेल्या चार चांगल्या गोष्टींवर ज्याचा जीव जडतो, त्यानं डोळे मिटून डोलावं असाच तो आवाज होता. गळा देवानं दिला होता. बाकीचं बाबांनी स्वतः जमवलं होतं.

गाणं संपलं की चमत्कार सुरू व्हायचा.

"मी कोण?" बाबांनी विचारलं.

"जाणते!" गोदाम गरजलं.

"चूक! मी कुणीच नाही. मी साधा रेडिओ. स्टेशन वर आहे. वरून लागेल ते मी वाजवतो, तुम्ही फक्त कान उघडे ठेवा!"

हशा झाला. मग बाबा समोरच्या उतरत्या स्टँडवरच्या गाण्याच्या जाड पुस्तकावर मान झुकवून काहीतरी पुटपुटले आणि एकदम बोट रोखून म्हणाले, "तिसऱ्या रांगेतली माउली! दम्याचा पंप उशाखाली घेऊन झोपतेस. का? सून लपवून ठेवेल, असा तुला संशय आहे. खरं की खोटं?"

म्हातारी ढसाढसा रडायला लागली. "खरं हो बाबा, खरं!"

शेजारी बसलेल्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. पण टाळ्यांच्या कडकडाटात सुनेकडे कोण बघतो?

सहाव्या रांगेत एक शिंपी बसला होता. एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला थोरली बहीण. या ताईला ओढूनच आणलं होतं. शिंप्याच्या छातीत धातूची झडप बसवलेली होती आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी त्याला रोज घ्यावी लागायची. जन्मभराची गोळी. तिला तो कंटाळला होता, आणि अशातच 'तुमच्या हृदयासाठी शुभवार्ता' असा मेसेज फोनवर आला, म्हणून तो इथे आला होता.

बाबांचं बोट फिरत फिरत त्याच्यावरच थांबलं.

"ऊठ रे, शिवणाऱ्या! छातीत धातू घेऊन फिरतोस. पण तुला भीती धातूची नाही. तुला भीती कात्रीची! जरा लागलं तरी रक्त थांबत नाही, म्हणून कात्री हातात घेताना हात थरथरतो. आणि हे तू बायकोला सांगत नाहीस!"

शिंपी उठला तो उभाच राहिला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "अहो, खरं का हे?"

तो तिच्याकडे न बघता ताईकडे झुकला. "ताई, हे मी तुझ्याशिवाय कुणाशी बोललो नव्हतो. तू तर कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"नाही," ताई म्हणाली.

आणि म्हणता म्हणताच ती थबकली. 'कात्रीला घाबरतो. हात थरथरतो. बायकोला सांगत नाही.' हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिचेच होते ते. तिनंच लिहिलेले.

वर बाबा रंगात आले होते. "आणि जे इथे आलेही नाहीत, त्यांचं काय? रेडिओला भिंत आडवी येत नाही! तळ्याच्या रस्त्याला निळ्या फाटकाचं घर आहे. तिथले गुरुजी, मूत्रपिंडाचा आजार. डॉक्टरांनी हात टेकले. मी इथूनच हात उचलला. आज गुरुजींचं औषध बंद आहे. का बंद? बरे झाले!"

"बरे झाले!" गोदामानं साथ दिली.

ताईनं खुर्चीची कड घट्ट धरली. निळ्या फाटकातले गुरुजी गेले होते. त्यांच्या बायकोचा फोन तिनंच घेतला होता.

व्यासपीठावर काचेची मोठी बरणी ठेवलेली होती. ज्याचा विश्वास असेल त्यानं आपली औषधं तीत टाकायची. ताई "अरे थांब" म्हणेपर्यंत भाऊ पायऱ्या चढला होता. गोळ्यांची पाकिटं बरणीत पडली, आणि बाबांनी माइकवरून विचारलं, "हलकं वाटतंय?"

"हलकं वाटतंय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला.

*

ताई एका कंपनीत फोनवर काम करायची. कंपनी घरपोच औषधं द्यायची. दर महिन्याला फोन करायचा, गोळ्या संपत आल्या का विचारायचं, पुढच्या पाठवायच्या. तिथे एक पद्धत होती. फोन ठेवला की ग्राहकाच्या नावापुढे एक 'आपुलकीची ओळ' लिहायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीनं फोन लावला तरी ती विचारणार, "काय म्हणतोय गुडघा?" लोक हरखून जायचे. ताईचा कान असा की लोक तिच्याजवळ घडाघडा बोलायचे, आणि तिच्या ओळी नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवल्या जायच्या. भाऊही त्याच कंपनीचा ग्राहक होता. एकदा स्वयंपाकघरात बसून त्यानं तिला कात्रीचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते त्याच्या नावापुढे लिहून ठेवलं. मैत्रिणींनी त्याच्याशी जपून बोलावं, एवढाच हेतू.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. औषध बंद करायचं तर संगणक कारण विचारायचा. कारणं ठरलेली: 'महाग पडते', 'दुसरीकडून घेतात', 'बरे झाले'. माणूस वारला तर काय निवडायचं? ते यादी करणाऱ्याला सुचलंच नव्हतं. कंपनीच्या लेखी ग्राहक मरत नसावेत. पहिल्या दोन्ही कारणांवर विक्रीवाले लगेच फोन करायचे, 'सवलत देतो, परत या'. नुकतंच माणूस गेलेल्या घरात असा फोन जाऊ नये, म्हणून मुलींनी आपसात ठरवून टाकलं होतं: गेलेल्या माणसापुढे 'बरे झाले' निवडायचं. दर वेळी मनाला लागायचं. पण त्यातल्या त्यात तेच दयेचं होतं.

आणि आज त्या दयेवर गोदामभर टाळ्या पडल्या होत्या.

भावाच्या घरी पोचल्यावर तिनं त्याला समजवायचा प्रयत्न केला. "गोळी चालू ठेव रे. डॉक्टर काय म्हणाले होते? झडप धातूची, गोळी रोजची. गुठळी झाली तर झडप अडकते."

"डॉक्टरांना माझ्या कात्रीचं कुठं कळलं? बाबांना कळलं."

"कुणी सांगितलं असेल."

"कुणी? तू?" तो हसला. "तूच सांगितलं असशील तर सांग, आत्ता नव्या गोळ्या आणतो."

दार उघडंच होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण पाण्याचा पेला घेऊन समोर वहिनी उभी होती, आणि भाऊ इतक्या भरवशानं बघत होता की ताईला ते म्हणवेना. ती म्हणाली, "मी कशाला सांगू?"

"वन्सं, राहू द्या हो," वहिनी म्हणाली. "कितीतरी दिवसांनी मोकळं हसलेत."

ताई आपल्या घरी निघून गेली.

सकाळी कामावर पोचल्या पोचल्या ती साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, आपल्या ग्राहकांची माहिती बाहेर कुणाला जाते?"

"भागीदारांना. आरोग्याचे मेळावे भरवणारी मंडळी आहेत. आपल्या वतीनं मेसेज पाठवतात. का?"

"त्यांचाच फलक बाबांच्या गोदामावर आहे. लोकांनी यासाठी कधी होकार दिला?"

"दिलाय की. नाव नोंदवताना प्रत्येकाच्या चौकटीत बरोबरची खूण आहे."

"खूण आपणच आधी करून ठेवतो. ती कुठून काढायची हे मलासुद्धा शोधावं लागलं."

"पण सापडलं ना? म्हणजे सोय आहे."

"आणि आपुलकीची ओळ? मेसेज पाठवायला कुणाच्या सुनेचं भांडण कशाला लागतं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "रकाने निवडत कोण बसणार? सगळंच जातं. रोज सकाळी, आपोआप." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ओळी आम्ही नाही लिहिल्या, बाई. बोभाटा करण्याआधी एवढं लक्षात ठेवा, प्रत्येक ओळीखाली लिहिणारीचा हुद्दा आणि टेबलाचा क्रमांक असतो. सगळ्यात जास्त ओळी तुमच्या टेबलाच्या आहेत."

साहेबांचं बोलणं लबाडीचं होतं, पण खोटं नव्हतं. तेच तिला जास्त बोचलं.

*

निळ्या फाटकाची कडी वाजवताना ताईला वाटत होतं, दार उघडूच नये. दार उघडलं. गुरुजींची बायको बारकी, ताठ, नाकावर चष्मा. ताईनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: फोन, कारण, बाबा, टाळ्या.

बाई म्हणाल्या, "माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले ते. आणि तुमच्याकडे बरे झाले?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणायला सोपं असतं, बाई. त्या ओळीत आणखी काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

"शेवटच्या दिवसांत तुम्ही त्यांच्यावर चिडायचात, आणि त्याची तुम्हाला लाज वाटते."

बाईंनी चष्मा काढला. "ते मी तुमच्याशी बोलले होते. एका बाईशी."

ताईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "तुमची माहिती तुम्हाला बघता येते. चुकीची असेल तर बदलायला लावता येते, पुसायलाही. कायद्यानं हक्क आहे तुमचा. आजवर आमच्याकडे कुणी मागितलाच नाही, कारण आम्ही कुणाला सांगितलंच नाही. तुम्ही म्हणाल तर आज पुसते."

"पुसाल. मग तो म्हणेल, रेडिओ बिघडला. लोक दुसऱ्याचं ऐकत बसतील आणि तुमचा भाऊ मरेल." बाई उठून येरझाऱ्या घालायला लागल्या. "गुरुजी वर्गात म्हणायचे, पोरानं उत्तर समजून दिलंय की पाठ करून, हे कळत नसेल तर आकडा बदलून बघावा. पाठ केलेला जुनंच उत्तर देतो. इथे उलट करू. ओळ बदलू. तो खरंच वरचं ऐकत असेल तर आपली ओळ बदलून त्याला काय फरक पडतो?"

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"तुम्ही आधीच लिहिलंय. हे निदान माझं मी सांगून लिहितेय. घ्या लिहून: घरी पोपट होता. उडून गेला. तेव्हापासून बाईंनी जेवण सोडलंय."

ताई त्या सभेनंतर पहिल्यांदा हसली, आणि हसल्याचीही तिला लाज वाटली. "पोपट का?"

"कारण मी जन्मात पक्षी पाळला नाही. आणि ही नवी ओळ मीच सांगितलीय, हे तुमच्या साहेबांनाही माझ्या सहीनं कळवीन. लपून काही करायचं नाही."

*

पुढच्या सभेला गोदाम आणखी भरलं होतं. शिंपी पुढच्या खुर्चीवर बसला होता. दोन दिवसांपासून जिना चढताना त्याला धाप लागत होती. 'जुना आजार बाहेर पडतोय' असं पांढऱ्या शर्टातल्या एकानं त्याला समजावलं होतं. गुरुजींच्या बाईंनी दारात गुरुजींचाच नंबर सांगितला, पास घेतला आणि ताईच्या शेजारी येऊन बसल्या.

गाणं झालं. रेडिओ लागला. बाबांनी पुन्हा निळ्या फाटकाची कथा सुरू केली, पुन्हा 'बरे झाले'चा गजर झाला. मग त्यांनी पुस्तकाकडे मान झुकवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय योग आहे! त्या गुरुजींच्या घरूनच माउली आल्यात. अकराव्या रांगेत! उठा आई. साक्षात पुरावा!"

बाई उठल्या. बाबांचा आवाज ओला झाला.

"आई, माणूस बरा झाला, तरी तू उपाशी का? मला दिसतंय... पिंजरा दिसतोय. रिकामा! तुझा पोपट उडून गेला, आई. लेकरासारखा होता. त्या दिवसापासून तू जेवली नाहीस. खरं की खोटं?"

"खोटं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पोपट कधीच नव्हता."

बाबा क्षणभरच अडखळले. मुरलेला माणूस होता.

"नव्हता कसा?" ते हसले आणि लगेच सुरात गायला लागले. "कुडी हा पिंजरा, प्राण हा पोपट! अहो, रेडिओ कोड्यात बोलतो. ज्याच्यावर तुझा जीव होता, त्याचा प्राण उडाला. तुझे धनी गेले, आई! त्या दुःखानं तू जेवत नाहीस. आता सांग, खरं की खोटं?"

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. टाळ्याही सुरू झाल्या. बाईंनी हात वर केला आणि टाळ्या थांबेपर्यंत तो खाली घेतला नाही.

"खरं. माझे धनी गेले. मग मघाशी तुम्ही बरे केले ते कोण?"

आता मात्र कुणालाच टाळी सुचेना. मागून खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "बाबांचाच पोपट झाला!" गोदामात हशा फुटला.

"अरे, हसताय काय!" पुढचे एक आजोबा खवळले. "चूक एखादी होते. बाकीचं कसं कळतं त्यांना? माझ्या लघवीचंसुद्धा कळलं!"

ताई उठली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती, आणि त्यांतल्या एकाशीच तिला बोलायचं होतं.

"मी सांगते कसं कळतं. मी औषधांच्या कंपनीत फोनवर असते. तुम्ही आमच्याशी जे बोलता ते आम्ही लिहून ठेवतो. ते रोज सकाळी या मेळावेवाल्यांना जातं. दारात नंबर सांगितला की तुमची ओळ निघते. बरे झालेले म्हणून ज्यांची नावं हे घेतात ते सगळे वारलेत. आमच्याकडे वारले लिहायची सोय नाही." तिनं पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "कात्रीची ओळ मी लिहिली. माझ्या सख्ख्या भावाची. त्यानं मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले."

शिंप्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. एक चढला आणि थांबला, धाप लागली म्हणून. दुसरी चढला. पांढरे शर्ट धावले, पण खालची माणसंही उठली होती. त्यानं बाबांसमोरचा स्टँड दोन्ही हातांनी धरून लोकांकडे फिरवला.

गाण्याचं पुस्तक आतून कोरलेलं होतं. मध्ये चपटा, उजळ पडदा बसवला होता. खुर्चीचा क्रमांक, नाव, आजार, ओळ. बोटानं सरकवत त्यानं आपलं नाव काढलं आणि मोठ्यानं वाचलं. 'कात्रीला घाबरतो. हात थरथरतो. बायकोला सांगत नाही. प्रेमानं बोलावं.'

"शेवटचं वाचायचं राहिलं वाटतं तुमच्याकडून," तो बाबांना म्हणाला आणि मटकन खाली बसला.

*

दवाखान्याच्या बाकावर ताई आणि वहिनी बसून राहिल्या. डॉक्टर बाहेर आले. "गुठळी धरायला लागली होती. विरघळवायचं औषध चालू केलंय, लागू पडतंय. आज आणलंत म्हणून एवढ्यावर निभावलं." वहिनी रडली. रडता रडता तिनं ताईच्या हातावर हात ठेवला नाही, आणि ताईनंही तशी अपेक्षा केली नाही.

भेटायला सोडलं तेव्हा भाऊ छताकडे बघत होता.

"ताई, मला वाटलं होतं, कुणीतरी आपण न सांगता ओळखलं."

"हं."

"मी ते तुला सांगितलं होतं. कंपनीला नाही."

हेतू चांगला होता, हे वाक्य तिच्या ओठापर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं.

"माझी ओळ पुसायची तर कुणाला सांगायचं?"

"मला."

"मग पूस. आणि त्या दम्यावाल्या म्हातारीच्या सुनेकडे जा. तिची माफी कोण मागणार?"

ती गेली. त्या सुनेकडे गेली, मग बाकीच्यांकडेही. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. कंपनीनं आधी 'चुकून एक रकाना जास्त गेला' असं कळवलं. मग गुरुजींच्या बाईंबरोबर इतरांच्याही तक्रारी सरकारी कचेरीत दाखल झाल्या, तेव्हा मेळावेवाल्यांना माहिती देणं थांबलं आणि आधीच केलेली ती खूणही निघाली. बाबा गोदाम सोडून गेले. गळा घेऊन गेलेत, कुठेतरी गातच असतील.

म्हणून वाचणाऱ्या आयाबहिणींनो, बापभावांनो, एवढंच सांगणं आहे. देवावर भाव ठेवा. गाणं गोड असेल तर मनसोक्त डोला. पण कुणी तुमच्या मनातलं बोलून दाखवलं तर त्याच्या पाया पडण्याआधी विचारा, याला कळलं कुठून? तुमची गोळी बंद करायची की नाही हे फक्त तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि जो कुणी तुमची माहिती मागतो, मग तो बाबा असो, बँक असो की गोड आवाजाची ताई असो, त्याला तोंडावर विचारा: कशाला हवी, कुणाला देणार, पुसणार कधी? उत्तर नाही मिळालं तर देऊ नका. दिली असेल तर दाखवायला लावा, चुकलेली बदलायला लावा, नको असेल तर पुसायला लावा. हे मागणं म्हणजे कुणाच्या उपकाराची भीक नव्हे.

विचारल्यानं देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यापासून सांभाळून राहा.